जुन्या कोटाचे चित्र

(माणसाच्या कपड्यांवरून त्याच्याविषयी पुष्कळ कळते. दुसऱ्याने वापरलेला कपडा घातलेला माणूस गटाने मिळून कसा काढावा, हे या पाठात सांगितले आहे.)

वसईत पापडी येथे दर शुक्रवारी बाजार भरतो. समजा, तुमच्या पाच जणांच्या गटाला या बाजाराचे मोठे चित्र काढायचे आहे. प्रत्येकाने एक माणूस काढायचा. तुमच्या वाट्याला केळी विकणारे आजोबा आले. डिसेंबरची सकाळ आहे. हवेत गारवा आहे. आजोबांच्या अंगात कोट आहे. पण तो त्यांच्यासाठी शिवलेला नाही. तो आधी दुसऱ्या कोणाचा तरी होता. हे चित्रात कसे दाखवाल?

पुष्कळ मुले कोटाला चार भोके पाडतात आणि त्यावर रंगीबेरंगी ठिगळे लावतात. चित्र पाहून सगळे हसतात. पण गटातील एखादा मुलगा मोठ्या भावाचा सदरा घालून शाळेत येत असतो. तो हसत नाही. आपल्या चित्रामुळे कोणाची मान खाली जावी, हे बरे नव्हे. म्हणून जुने कपडे येतात कोठून, ते आधी पाहू.

जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण तुम्ही पाहिली असेल. ती प्रत्येक कपडा उलटून पाहते. मग एका पातेल्यासाठी तिची आणि आईची घासाघीस होते. पुढे हे कपडे निवडले जातात. चांगले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून विकले जातात. फारच विरलेल्या कापडाची फडकी होतात; ती कारखान्यांत यंत्रे पुसायला लागतात. म्हणजे आजोबांच्या अंगावर येण्यापूर्वी त्या कोटावरून कितीतरी हात फिरले. कोणी तो धुतला, कोणी त्याला बटण लावले. हीच काळजी चित्रात यायला हवी.

ती कशी आणावी? कोट उंच माणसाचा असेल, तर त्याच्या खांद्याची शिवण आजोबांच्या खांद्याखाली उतरते. बाह्या लांब होतात, म्हणून त्या नीट दुमडलेल्या दाखवा. चार बटणे काळी आणि पाचवे तपकिरी काढा. कोपर, कॉलर आणि खिशाच्या कडा लवकर झिजतात. तेथे रंग फिका ठेवा. कपडा तंग असेल, तर बटणापासून दोन्ही बाजूंना सुरकुत्या पसरतात. पँट उसवून लांब केली असेल, तर जुन्या दुमडीची रेघ उरते. ठिगळ काढायचे असेल, तर त्याचे टाकेही काढा. भोकावरून कापड फाटल्याचे कळते. टाक्यांवरून ते कोणीतरी जपल्याचे कळते.

कपडे जुने असले म्हणून माणूस लहान ठरत नाही. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्या जोडून केलेले वस्त्र घालत. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. हातात खराटा घेऊन ते गावाचे रस्ते झाडत आणि कीर्तनातून लोकांना शहाणे करत. मराठीतील ‘गोधडी’ आणि उर्दूतील ‘गुदडी’ हे शब्द किती जवळचे आहेत, पाहा! ‘गुदडी का लाल’ हे तर तुम्हांला ठाऊकच आहे. १९१४ साली चार्ली चॅप्लिन यांनी मूकपटात एक भटक्या उभा केला. त्याची पँट ढगळ, कोट तंग, टोपी लहान आणि बूट मोठे. एकही कपडा मापाचा नव्हता. तरी तो ऐटीत चाले आणि टोपी उचलून अदबीने अभिवादन करी. म्हणून आजोबांची मान ताठ आणि नजर समोर ठेवा.

आता गटाचे काम. पाच जणांची पाच चित्रे एकाच बाजारातील वाटली पाहिजेत. उभ्या प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट धरतात. हे माप सर्वांनी पाळावे. ऊन कोणत्या बाजूने येते, ते आधी ठरवावे. नाहीतर एकाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडेल. रंग लावण्यापूर्वी चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बाजारात खऱ्या माणसाला पाहून चित्र काढणार असाल, तर आधी त्याची परवानगी घ्या. काढून झाल्यावर चित्र त्याला दाखवा. ते पाहून त्याला आनंद झाला, तर तुमचे चित्र साधले.

शब्दार्थ
ठिगळ – फाटलेल्या जागी लावलेला कापडाचा तुकडा
विरलेले – झिजून पातळ झालेले
ढगळ – सैल, मापापेक्षा मोठे
मान खाली जाणे – लाज वाटणे
घासाघीस करणे – भाव कमी-जास्त करण्यासाठी बोलणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात काय देते?
(आ) फार विरलेल्या कापडाचे काय होते?
२. कोट दुसऱ्याचा आहे, हे चित्रात कोणत्या खुणांनी दाखवता येते?
३. गटातील एक मुलगा का हसत नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : घरातील एका जुन्या कपड्याचे चित्र काढा. तो आधी कोणी वापरला, हे घरी विचारून पाच ओळी लिहा.