दोराची शिडी का झुलते?

राजापूर तालुक्यातील नाटे गावी यशवंतगडाखालून जैतापूरची खाडी वाहते. एके काळी राजापूर बंदराची गलबते याच खाडीतून जात. आज मोठी जहाजे मुंबई, जयगडसारख्या खोल बंदरांत जातात. बंदराची वाट दाखवणारा पायलट लहान बोटीतून जाऊन चालत्या जहाजावर चढतो. कशाने? दोराच्या शिडीने!

बांबूची शिडी ताठ असते. दोर मात्र फक्त ताण सोसतो, दाब नाही. म्हणून मोकळ्या शिडीवर चढताच पाय पुढे सरकतात, पाठ मागे जाते आणि हात भरून येतात. तुमचा गुरुत्वमध्य टांगणीच्या बरोबर खाली येऊ पाहतो ना!

म्हणूनच पायलटची शिडी जहाजाच्या अंगाला टेकलेली असावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिच्या पायऱ्यांत ३१ ते ३५ सेंटिमीटर अंतर असते आणि शिडीवरची चढण ९ मीटरपेक्षा जास्त नसते. मध्ये किमान १.८ मीटर लांबीच्या फळ्या असतात. त्या शिडीला पिळू देत नाहीत. तरीही शिडीवरून पडून पायलट दगावले आहेत. म्हणून दोर व गाठी आधी तपासाव्याच लागतात.

सुतळी व पेन्सिलींची शिडी टांगून बोटाने पिळा. मग एका पेन्सिलीला लांब पट्टी आडवी बांधा, शिडी भिंतीला टेकवा आणि पुन्हा पिळून पाहा. काय फरक दिसला?