सातासमुद्रापलीकडून आलेले धान्य
वीरचंद राघवजी गांधी यांच्या अनुकंपादानाची कथा

वीरचंद राघवजी गांधी हे नाव उच्चारले, की जैन समाजाला शिकागोची सर्वधर्म परिषद आठवते. काठियावाडी पगडी बांधलेला एकोणतीस वर्षांचा तरुण परदेशी विद्वानांसमोर उभा राहून जिनशासनाचा परिचय करून देतो, हे चित्र आपल्या पाठशाळांतून, पुस्तकांतून आणि चातुर्मासातील व्याख्यानांतून घरोघर पोहोचले आहे. ते यथार्थच आहे. तथापि या कीर्तीच्या झगमगाटात त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण झाकोळून गेले आहे. ज्या समाजाने आपल्याला परदेशी पाठवले त्याच समाजातील काहीजण आपल्या नावाने बोटे मोडत असताना, या तरुणाने अमेरिकेत राहून मायदेशातील भुकेल्यांसाठी धान्य आणि पैसा उभा केला. ज्यांच्यासाठी तो उभा केला, त्यांची जात वा धर्म त्याने विचारला नाही.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. वडील राघवजीभाई जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. सचोटीचा व्यापार आणि सुधारणेची ओढ या दोन्ही गोष्टी त्या घरात एकत्र नांदत होत्या. मुलगा बुद्धिमान होता. १८८० साली तो भावनगरहून मॅट्रिकची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला, त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढील शिक्षणासाठी त्याने मुंबई गाठली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये त्याने बी. ए. ची पदवी सन्मानासह मिळवली. त्या काळी जैन समाजात पदवीधर बोटांवर मोजण्याइतकेच होते. व्यापारी कुटुंबातील हुशार मुलगा पेढीवर बसण्याऐवजी इंग्रजी ग्रंथ वाचत बसतो, याचे अनेकांना नवल वाटे, तर काहींना चिंताही वाटे.

ही चिंता अल्पावधीतच निराधार ठरली. १८८५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ‘जैन असोसिएशन ऑफ इंडिया’चे मानद चिटणीस म्हणून त्यांची निवड झाली आणि समाजाचे दोन कठीण प्रश्न त्यांच्या हाती आले. पहिला प्रश्न शत्रुंजय तीर्थाचा. पालिताण्याचे संस्थान यात्रेकरूंकडून डोईपट्टी वसूल करीत असे. वाटाघाटी होऊन १८८६ साली करार झाला. संघाने दरसाल पंधरा हजार रुपयांची ठोक रक्कम संस्थानाला द्यावी आणि चाळीस वर्षे यात्रेकरूंना त्रास होऊ नये, असे ठरले. दुसरा प्रश्न सम्मेद शिखरजीचा. त्या पवित्र डोंगरावर एका इंग्रजाने डुकराची चरबी काढण्याचा कारखाना घातला होता. मूळ दस्तऐवज बंगालीत होते. वीरचंदभाई कलकत्त्यास जाऊन राहिले, बंगाली शिकले, कागदपत्रे स्वतः वाचली आणि न्यायालयीन लढाईत संघाच्या बाजूने निकाल मिळवण्यास मोठे साहाय्य केले. कागद स्वतः वाचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, ही पेढीवरची शिस्त त्यांनी धर्मकार्यातही पाळली.

याच काळात ते मुंबईत एका सॉलिसिटरच्या कचेरीत उमेदवारी करीत होते. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास करमचंद गांधी मुंबईत जम बसवण्याची धडपड करीत असताना त्यांचा वीरचंदभाईंशी निकटचा स्नेह जुळला. दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले, याचा उल्लेख महात्माजींनी आपल्या आत्मकथेत केला आहे.

परदेशगमन आणि बहिष्काराचे सावट

शिकागो परिषदेचे निमंत्रण मुळात आचार्य विजयानंदसूरी म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले होते. मुनिजीवनाच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता. आपल्या जागी कोणी जावे, हे ठरवताना महाराजांची दृष्टी वीरचंदभाईंवर स्थिरावली. महाराजांनी त्यांना जवळ ठेवून शिकवले आणि परिषदेसाठी ‘चिकागो प्रश्नोत्तर’ हा ग्रंथ सिद्ध केला. ११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषदेस आरंभ झाला. लंडनचे एक धर्मोपदेशक पेंटेकोस्ट यांनी व्यासपीठावरून हिंदू मंदिरांविषयी अनुदार उद्गार काढले, तेव्हा त्यांना उत्तर देण्यासाठी वीरचंदभाई उभे राहिले. टीका जैन धर्मावर नव्हती आणि त्यांना गप्प बसणे सहज शक्य होते. पण आपल्या देशबांधवांचा अवमान हा आपलाच अवमान आहे, असे त्यांनी मानले. अनुकंपेची ही व्याप्ती पुढे दुष्काळाच्या प्रसंगी पुन्हा दिसून आली.

इकडे मायदेशी मात्र वेगळेच वारे वाहत होते. समुद्र ओलांडणारा धर्मभ्रष्ट होतो, ही समजूत तेव्हा सर्वच जातींत खोल रुजलेली होती. वीरचंदभाईंना जातीबाहेर टाकण्याची भाषा होऊ लागली. स्वामी विवेकानंदांनी १८९४ मध्ये अमेरिकेतून जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांना लिहिलेल्या पत्रात या गोष्टीची खंत व्यक्त केली आहे. हा माणूस अमेरिकेच्या कडाक्याच्या थंडीतही शुद्ध शाकाहार सोडत नाही, आपल्या देशाची आणि धर्माची बाजू हिरिरीने मांडतो, इथले लोक त्याच्यावर प्रेम करतात आणि त्याला पाठवणारे मात्र त्याला वाळीत टाकू पाहतात, असा त्या पत्राचा आशय आहे. अन्य परंपरेतील संन्याशाने एका श्रावकाच्या आचाराची दिलेली ही साक्ष आपल्या समाजाने जपून ठेवावी अशी आहे.

१८९५ मध्ये वीरचंदभाई भारतात परतले. विरोध झाला, पण आत्मारामजी महाराजांचा आशीर्वाद त्यांच्या पाठीशी होता. १८९६ च्या मे महिन्यात गुजरांवाला येथे महाराजांचा देहान्त झाला आणि तो आधारही हरपला. त्याच वर्षी वीरचंदभाई पुन्हा अमेरिकेस निघाले. आणि त्याच वर्षी पाऊस रुसला.

१८९६ चा दुष्काळ

मान्सून अर्ध्यावरच थांबला. बुंदेलखंड, संयुक्त प्रांत, मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्यातील दख्खन यांना दुष्काळाने ग्रासले. महाराष्ट्रावर दुहेरी संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांचे कार्यक्षेत्र. दुकाने ओस पडली आणि माणसे शहर सोडून जाऊ लागली. दख्खनच्या खेड्यापाड्यांत लोकमान्य टिळकांचे सहकारी शेतकऱ्यांना दुष्काळसंहितेतील हक्क समजावून सांगत फिरत होते.

दुष्काळाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय वीरचंदभाईंच्या कार्याचे मोल कळणार नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली होती. पीक बुडाले, की शेतमजुराचे काम बुडते. काम बुडाले, की मजुरी बुडते. अशा वेळी बाजारात धान्य असले तरी ते घेण्यास त्याच्या हाती पैसा नसतो. भाव चढतात आणि भुकेला माणूस भरलेल्या दुकानासमोर उपाशी राहतो. म्हणून दुष्काळात दोन प्रकारची मदत लागते. बाहेरून आलेले धान्य भावांची चढण रोखते, आणि रोख रक्कम ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यापर्यंत घास पोहोचवते. एकाशिवाय दुसरे अपुरे.

वीरचंदभाईंनी नेमके हे दोन्ही केले. अमेरिकेत त्यांनी दुष्काळ निवारण समिती स्थापन केली. शिकागोच्या परिषदेचे प्रमुख सूत्रधार चार्ल्स बॉनी यांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारले. धर्मचर्चेतून जोडलेली माणसे आता दानासाठी उभी राहिली. वीरचंदभाईंच्या चरित्रांत नोंद आहे, की या प्रयत्नांतून सुमारे चाळीस हजार रुपये भारतात पाठवले गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोहून धान्याने भरलेले जहाज कलकत्त्याकडे रवाना झाले. त्या काळातील चाळीस हजारांची किंमत समजण्यासाठी वर आलेला आकडा आठवावा. शत्रुंजयाच्या करारात सबंध संघाने एका वर्षात द्यायची रक्कम पंधरा हजार होती. म्हणजे तशा अडीच वर्षांहून अधिक काळाची रक्कम एका परक्या देशात, परक्या लोकांकडून, एका तरुणाच्या शब्दावर गोळा झाली.

त्या तरुणाजवळ स्वतःची अशी संपत्ती नव्हती. त्याच्याजवळ होती ती पत. ज्याचा आहार, ज्याचा शब्द आणि ज्याचा पोशाखही परदेशात बदलला नाही, त्याच्या हाती पैसा देताना लोकांना संकोच वाटला नाही. व्यापारी घरांत पतीचे महत्त्व सांगावे लागत नाही. वीरचंदभाईंनी ती पत स्वतःसाठी वटवली नाही, भुकेल्यांच्या खात्यावर जमा केली.

जगडूशाहांचा वारसा

ही प्रेरणा त्यांना परदेशात सापडली नव्हती. दुष्काळात धान्याची कोठारे उघडणे हा जैन व्यापाऱ्यांचा जुना कुळाचार आहे. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या काळात, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकात, गुजरात-कच्छवर भीषण दुष्काळ कोसळला. कच्छमधील भद्रेश्वरचे समुद्रव्यापारी जगडूशाह यांनी गुरूंच्या सूचनेवरून आधीच धान्याचा मोठा साठा केला होता. सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात ही कथा आली आहे. राजा वीसलदेवाने त्यांच्याकडे धान्य मागितले, तेव्हा हे धान्य माझे नाही, असे जगडूशाहांनी सांगितले. कोठारे उघडून पाहिली तर आत ताम्रपट निघाला आणि हे धान्य रंकांसाठी ठेवले आहे, असे त्यावर लिहिलेले होते. भाव चढण्याची वाट पाहण्याचा मोह ज्याने कोठार भरतानाच दूर ठेवला, त्या श्रावकाचे नाव सात शतकांनंतरही आदराने घेतले जाते.

आपल्या शास्त्रकारांनी दानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अभयदान, सुपात्रदान, अनुकंपादान, उचितदान आणि कीर्तिदान. यांत सुपात्रदानात घेणाऱ्याची योग्यता पाहिली जाते. अनुकंपादानात मात्र समोरच्याचे दुःख एवढीच पात्रता पुरते. साधर्मिक वात्सल्य, जिनमंदिर आणि उपाश्रय यांसाठी आपला समाज सढळ हाताने देतो, हे निर्विवाद आहे. पण अनुकंपादानाचे खाते त्याच्या बरोबरीने चालते का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने वर्षाचा ताळेबंद मांडताना स्वतःला विचारावा. कलकत्त्याच्या बंदराकडे निघालेले ते धान्य कोणत्याही एका समाजाच्या स्वयंपाकघरासाठी निघाले नव्हते.

वीरचंदभाईंची दृष्टी दुष्काळापुरती मर्यादित नव्हती. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणास साहाय्य करण्यासाठी त्यांनी अमेरिकेत संस्था स्थापन केली. ज्या काळात आपल्याकडे मुलीला चौथीपुढे शिकवणे धाडसाचे मानले जाई, त्या काळात ते मुलींच्या उच्च शिक्षणाचा विचार करीत होते. इंग्लंडमध्ये त्यांच्या सहवासात आलेले हर्बर्ट वॉरन यांनी जैन आचार स्वीकारला आणि त्यांच्याकडून मिळालेल्या शिकवणीच्या आधारे पुढे इंग्रजीत जैन धर्मावर पुस्तक लिहिले.

हे सारे कार्य फार थोड्या वर्षांत झाले. सततचा प्रवास आणि श्रम यांनी प्रकृती खालावली. १९०१ मध्ये ते मुंबईस परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी, सदतिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला असताना, त्यांचे देहावसान झाले. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. जिथे त्यांचा आवाज प्रथम घुमला त्या शिकागो परिसरातील जैन मंदिरात आज त्यांचा पुतळा उभा आहे.

आज आपल्या कुटुंबांतील शेकडो मुले-मुली शिक्षणासाठी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जातात. निघताना आपण त्यांच्या बॅगेत खाखरे, नवकारवाली आणि औषधांची यादी भरतो. शाकाहार सांभाळ, असे बजावतो. ते आवश्यकच आहे. वीरचंदभाईंनीही आधी आहार आणि आचार सांभाळला, त्यातूनच त्यांच्या शब्दाला वजन आले. पण आचार सांभाळणे ही त्यांच्या दृष्टीने पहिली पायरी होती. त्या बळावर त्यांनी जे उभे केले, ते दुसऱ्यांसाठी होते. मुलांना निरोप देताना ही दुसरी पायरीही सांगावी. जिथे शिकशील तिथल्या चार माणसांचा विश्वास संपादन कर, आणि तो विश्वास एखाद्या गरजूच्या उपयोगी पडेल असे पाहा. ते गरजू त्या देशातील असोत, आफ्रिकेतील असोत, वा आपल्याच मराठवाड्यातील एखाद्या दुष्काळी तालुक्यातील असोत.

आणि समाजाच्या ज्येष्ठांसाठीही या चरित्रात एक सूचना आहे. १८९४ मध्ये ज्यांनी वीरचंदभाईंना वाळीत टाकण्याची भाषा केली, त्यांची नावे आज कुणाच्या स्मरणात नाहीत. आत्मारामजी महाराजांनी एका तरुणावर विश्वास टाकला, ही गोष्ट मात्र आपण अभिमानाने सांगतो. आपल्या घरातील एखादी मुलगी वा मुलगा रूढ वाटेपेक्षा वेगळे सेवाकार्य हाती घेऊ पाहत असेल, तर हिशोब नीट ठेव एवढेच सांगून तिच्या-त्याच्या मागे उभे राहावे.