भातलावणी, वर्षाऋतू आणि चाळिशीनंतरचे सांधे

वर्षाऋतुचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. या काळी अग्नी मंद असतो, बल क्षीण असते व ग्रीष्मात संचित झालेला वायू प्रकुपित होतो. म्हणून शरीराला श्रम देऊ नयेत, असा शास्त्राचा स्पष्ट आदेश आहे. परंतु वीर, दासगाव, महाड व पोलादपूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने आपल्या खिडकीबाहेर पाहिले, तर नेमके याच ऋतूत वर्षातील सर्वांत कष्टाचे काम चालू असल्याचे त्याला दिसेल. आषाढात सावित्रीकाठच्या खाचरांतून चिखलणी व लावणी एकदमच अंगावर येतात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या प्रदेशात कमरेतून वाकून, पोटरीभर गार चिखलात उभे राहून आठ-आठ तास आवण लावणारी बहुतेक मंडळी स्त्रिया असतात, आणि त्यांतील पुष्कळ जणी चाळिशी ओलांडलेल्या असतात. शास्त्राने वर्ज्य सांगितलेल्या काळी पोटासाठी अपरिहार्य असलेले कर्म करणाऱ्या या रुग्णेला वैद्याने काय सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

"काकी, पंधरा दिवस पूर्ण विश्रांती घ्या," असे सांगणे सर्वांत सोपे आहे. या सल्ल्याचे पुढे काय होते, हेही आपणांस ठाऊक आहे. काकी मान डोलावतात, योगराज गुग्गुळाची पुडी घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाचरात उतरतात. पाळता न येणारे पथ्य सांगितले की रुग्ण ते पाळत नाही एवढ्यावर भागत नाही. तो वैद्याला विचारणेही सोडून देतो व दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. म्हणून कष्टकऱ्याच्या सांध्यांची चिकित्सा त्याच्या कामाचे वेळापत्रक समजून घेतल्याखेरीज होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वयाचा विचार प्रथम करू. सुश्रुताचार्यांनी चाळीस वर्षांपर्यंत धातूंची संपूर्णता व त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित परिहानी सांगितली आहे. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघा दुखू लागला की रुग्ण ‘आता वय झाले’ म्हणून स्वतःला निकालात काढतो आणि दुर्दैवाने कधी कधी वैद्यही त्याला दुजोरा देतो. मध्यम वयातील वेदना ही बहुधा धातुक्षयाची अखेर नसून हेतूंची बेरीज असते. हे हेतू शोधता येतात व पुष्कळ अंशी दूरही करता येतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील या दुखण्यांचे प्रमाण किती, याचा एक भरवशाचा अंदाज आपल्याजवळ आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली. त्यांत सुमारे 18 टक्के लोकांना स्नायू-सांध्यांची दुखणी आढळली. आमवाताशी साधर्म्य असलेला ऱ्हुमॅटॉइड प्रकार मात्र सुमारे अर्धा टक्काच होता. भिगवण हे कोरड्या हवेचे, कोकणापेक्षा अगदी वेगळे गाव आहे. तेथील आकडे जसेच्या तसे महाडला लावता येणार नाहीत. तथापि बहुसंख्य दुखणी ही खऱ्या आमवाताची नसतात, एवढे त्यावरून निश्चित उमजते.

हा भेद चिकित्सेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. संधिगत वातात सांध्याला वायूने भरलेल्या कातडी पिशवीसारखा स्पर्श व हालचालीच्या वेळी वेदना चरकाचार्यांनी वर्णिली आहे; येथे स्नेहन हाच चिकित्सेचा कणा. आमवातात याउलट ज्वर, जडपणा, अरुची, सकाळी तासभर न सुटणारा ताठरपणा असतो. तेथे आरंभीच तेल चोळले तर शोथ वाढतो, आणि लंघन, दीपन व वाळूच्या पुरचुंडीचा रूक्ष स्वेद हाच मार्ग उरतो. अंगठ्याच्या मुळाशी एका रात्रीत उठलेला लाल, स्पर्श न सोसणारा शोथ वातरक्ताचा विचार करावयास लावतो. हे सर्व आपल्या वाचकांना अवगतच आहे. परंतु लावणीच्या दिवसांत आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. चिखलात अनवाणी काम करणाऱ्या रुग्णास एकाएकी ताप आला, पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर ते ‘लावणीचे अंग’ समजू नये. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, आणि त्यात एक-दोन दिवसांचा विलंबही वृक्क व यकृताला भोवतो. अशा रुग्णाला तेलाची बाटली न देता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. चिकुनगुन्याच्या तापानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी संधिवेदनाही या भागात अपरिचित नाही. तेव्हा मागील ज्वराचा इतिहास अवश्य विचारावा.

आता मुख्य मुद्दा. चरकाचार्यांनी कर्माचा अतियोग, हीनयोग व मिथ्यायोग हे तिन्ही रोगाचे हेतू मानले आहेत. संधिवेदनेच्या रुग्णाला ‘हालचाल करा’ किंवा ‘हालचाल टाळा’ असे सरसकट सांगणे म्हणजे या त्रयीचा विसर पडणे होय. लावणी करणारी स्त्री व महाडच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बारा तास बसणारा व्यापारी, दोघांचाही गुडघा दुखतो. तिच्या ठिकाणी अतियोग व मिथ्यायोग आहे, त्याच्या ठिकाणी हीनयोग. मुंबईत तीस वर्षे खुर्चीवर काढून निवृत्तीनंतर वीर स्थानकावर पेटी घेऊन उतरणारा चाकरमानी तर या दोहोंचे मिश्रण असतो. आयुष्यभर हीनयोग, आणि गावी आल्यावर पहिल्याच पावसात उत्साहाने अतियोग! असे रुग्ण भाद्रपदात, गणपतीच्या आसपास, हमखास येतात.

हीनयोगाच्या रुग्णाचे काम तुलनेने सोपे आहे. त्याला चालण्यास लावावे. गुडघा झिजलेल्या साठीपुढील 439 व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या व 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीड वर्ष नियमित चालणाऱ्या किंवा स्नायूंचा व्यायाम करणाऱ्या गटांची वेदना नुसती माहिती देण्यात आलेल्या गटापेक्षा कमी राहिली. लाभ माफक होता, पण व्यायामाने सांधे अधिक झिजल्याचे दिसले नाही. शरीराचे वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, हेही मोजून पाहिले गेले आहे. स्थूल व्यापाऱ्याला हा हिशेब सांगितला की तो लगेच पटतो. व्यापारी असल्यामुळे असेल. व्यायाम अर्धशक्तीने करावा, कपाळ, नाक व काखा येथे घाम येऊन तोंडाला कोरड पडू लागली की थांबावे, हे प्रमाण पदपथावरील फेरीलाही लागू पडते. रायगडावर जाण्याची हौस असणाऱ्यास जाऊ द्यावे. मात्र चढताना पायऱ्यांनी व उतरताना रोपवेने, असे बजावावे. गुडघ्याला उतार चढावापेक्षा अधिक जाचतो.

अतियोगाच्या रुग्णेसाठी वेगळी योजना लागते, आणि ती मृग नक्षत्राची वाट न पाहता वैशाखातच सुरू झाली पाहिजे. कंबर, गुडघे व पोटऱ्यांना रात्री कोमट तिळतेलाचे किंवा निर्गुंडीसिद्ध तेलाचे अभ्यंग, व त्यानंतर गरम पाण्याचा शेक. निर्गुंडी येथे कुंपणाला सापडते, त्यासाठी महाग बाटलीची आवश्यकता नाही. याबरोबर मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणाऱ्या दोन साध्या क्रिया पुरतात: ओट्यावर बसून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, आणि उताणे पडून सरळ पाय वीतभर उचलून पाचपर्यंत आकडे मोजेतो धरणे. "आम्हांला कसला व्यायाम, दिवसभर राबतोच की," असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर असे द्यावे की राबण्याने एकच एक अंग झिजते. ही क्रिया त्या अंगाला आधार देणाऱ्या स्नायूंसाठी आहे.

प्रत्यक्ष लावणीत काम थांबविता येत नाही, पण पालटता येते. आवण उपटणे, मुठी वाहणे व लावणे ही तीन कामे आळीपाळीने करावीत. अर्ध्या-पाऊण तासाने बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून मागे झुकावे. संध्याकाळी ओली वस्त्रे तात्काळ बदलून गरम पाण्याने पाय धुवावेत व गार सारवलेल्या भुईवर झोपू नये. आहारात गरम पेज, लसूण, सुंठ व कुळथाचे कळण असावे; पित्तप्रकृतीच्या स्त्रीस कुळीथ बेताने द्यावा. वाल हे रायगडचे भूषण खरे, परंतु ते वातकर आहेत. दुखणे भरात असताना टाळावेत, एरवी तेल, लसूण व ओव्याच्या फोडणीविना खाऊ नयेत.

पुढील मार्ग शेतीतूनही निघू शकतो. कर्जत तालुक्यातील नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी व लावणी या दोन्ही क्रिया वगळून गादीवाफ्यावर थेट टोकणी केली जाते. हे तंत्र प्रत्येक खाचराला सोयीचे असेलच असे नाही. परंतु ज्या घरात दोन वर्षे लागोपाठ लावणीनंतर कुणी अंथरुणाला खिळते, तेथे निदानपरिवर्जन या दृष्टीने वैद्याने त्याची वाच्यता करण्यास हरकत नाही.

लावणी सरते आणि श्रावण येतो. ग्रीष्मात संचित झालेला वायू श्रावणात काढावा, हे वाग्भटाचार्यांचे वचन कोकणच्या शेतकऱ्याला किती अनुकूल आहे! आषाढाचे कष्ट संपलेले, कापणीस अवकाश, घरात थोडी उसंत. कर्म, व्यायाम, भार वाहणे व वाटचाल यांनी कृश झालेल्यांस चरकाने सिद्धिस्थानात मात्राबस्ती सांगितला आहे. त्यात आहारविहाराचे कडक निर्बंध नाहीत व रुग्णास दाखल करून घ्यावे लागत नाही. सहचर किंवा नारायण तेलाचा साठ मिलिलिटरच्या आसपासचा मात्राबस्ती, भोजनोत्तर, सात ते नऊ दिवस, हा या पट्ट्यातील वैद्यांनी श्रावणातील नित्याचा उपक्रम करावा. अग्नी मंद असलेल्यांत अगोदर दीपन-पाचन अवश्य करावे.

औषधांविषयी थोडेच लिहितो, कारण ग्रंथ आपल्या हाती आहेत. सुंठ, गुडूची, आमलकी, शल्लकी व गुग्गुळ यांच्या कल्पांची 440 रुग्णांवर चोवीस आठवडे ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना करणारी चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली व वेदना आणि कार्यक्षमता यांत आयुर्वेदीय कल्प तुल्यबळ ठरले. हा निष्कर्ष आपण अभिमानाने सांगतो. त्याच चाचणीत काही रुग्णांचे एसजीपीटी लक्षणांवाचून वाढले व औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले, हे मात्र सांगण्याचे टाळतो. दीर्घकाळ कल्प देताना यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

अखेरीस औषधालयांच्या चालकांसाठी. आयुर्वेदीय औषधे केवळ विकण्यासाठी परवाना लागत नाही. म्हणूनच लावणीच्या तोंडावर ‘एका पुडीत आराम’ देणारी, नाव-गाव नसलेली चूर्णे फळीवर येण्यास वाव मिळतो. अशा चूर्णांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा डायक्लोफेनॅक मिसळल्याचे देशात वारंवार उघडकीस आले आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करून देण्यास कायद्याने मुभा आहे. पण निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक व घटकद्रव्ये ज्यावर नाहीत असा विक्रीचा माल ठेवणे म्हणजे 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली दोषी ठरण्याची जोखीम स्वीकारणे होय. चार पैशांच्या नफ्यासाठी ही जोखीम आणि शेजारणीच्या हाडांची झीज, दोन्ही पत्करू नयेत.

वनस्पतिद्रव्याने तीन तासांत जुनी संधिवेदना नाहीशी होत नाही. जेथे होते तेथे शंका घ्यावी. चेहरा गोल होणे, भूक व वजन वाढणे, दबलेला मधुमेह उफाळणे, आणि पुडी चुकली की दुखणे दुपटीने परतणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास रुग्णाने काय घेतले, ते पुडीसह मागवून पाहावे. मात्र अनेक महिने घेतलेली अशी पुडी वैद्याने रागाच्या भरात एकदम बंद करू नये. शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते व औषध अचानक तुटल्यास ग्लानी, वांती, रक्तदाब उतरणे येथपर्यंत मजल जाते. अशा रुग्णाला पुडीचा नमुना व किती महिने घेतली याची चिठ्ठी देऊन महाड किंवा माणगाव येथील रुग्णालयात फिजिशियनकडे पाठवावे, मात्रा त्यांच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने उतरवावी, आणि नमुन्याचा दुसरा भाग अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा.