बर्फावरील हॉकी व मनोनिग्रह

पायांत स्केट बांधून बर्फावर खेळावयाची हॉकी पाहणारास केवळ बळाची वाटते. परंतु तिचें मर्म मनोनिग्रहांत आहे. खेळाडू सुमारें पाऊण मिनिट वेगानें खेळून बाकावर परततो. झालेली चूक तेथेंच टाकून त्यास पुन्हां नव्या चित्तानें उतरावें लागतें. यासाठीं बसतांच दीर्घ श्वास घेऊन पुढील कामाकडे मन वळविण्याची संवय तो सरावांतच लावून घेतो. रागाच्या भरांत प्रतिस्पर्ध्यास काठी मारिल्यास निदान दोन मिनिटें बाहेर बसावें लागतें, व संघ एका गड्यास मुकतो. एकाच्या क्रोधाचा दंड सर्वांस!

९ फेब्रुवारी १९८० रोजीं न्यूयॉर्क येथें सोव्हिएट संघानें अमेरिकेच्या तरुण संघास १०-३ असें हरविलें. तेरा दिवसांनीं, लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकांत, दोन तृतीयांश खेळ संपला तेव्हांही अमेरिकन २-३ असे मागेंच होते. तथापि धीर न सोडतां त्यांनीं आणखी दोन गोल केले, आणि शेवटचीं दहा मिनिटें आघाडी राखून ४-३ असा जय मिळविला.

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्रांत इंद्रियदमन हें आत्म्याच्या फळांत गणिलें आहे. आणि फळ एका दिवसांत पिकत नाहीं.