उरवू नये असा स्कोन

ब्रिटनमध्ये दुपारच्या चहासोबत खाल्ला जाणारा स्कोन नातीला घरीच केलेला हवा होता. अर्थात अंडे व यीस्ट यांविना. त्या निमित्ताने सेवानिवृत्तीनंतर मी प्रथमच पीठ हाती घेतले.

२२५ ग्रॅम मैद्यात तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, २५ ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ मिसळावे. लोण्याऐवजी ५० ग्रॅम थिजलेले तूप चोळून मिश्रण रवाळ करावे. सुमारे १५० मिलिलिटर दुधात गोळा जमवावा. इंचभर जाड थापून वाटीने गोल कापावेत आणि २२० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटे भाजावेत. माझी पहिली खेप चिवट झाली, कारण मी पीठ कणकेसारखे तिंबले होते.

यातील बेकिंग पावडरीमागेही घरगुती जिव्हाळा आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी व यीस्ट सोसत नसे; तिच्यासाठी त्यांनी १८४३ मध्ये यीस्टविना पाव फुगवणारी पावडर सिद्ध केली.

स्कोन त्याच दिवशी खावा. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. म्हणून दुसऱ्या खेपेतील चार स्कोन मी शेजारी नेले. पत्नीच्या निधनानंतर तेथील वृद्ध गृहस्थ कोणाशी फारसे बोलत नसत. त्यांनी ताटली घेतली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आत या, चहा टाकतो.”

आता दर रविवारी मी आठ स्कोन करतो. चार आमचे, चार त्यांचे. चहा मात्र त्यांच्याच घरचा.