पूर ओसरला, मेसेज ओसरेना

ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूर बुडवलं होतं, पुण्याहून जाणारा महामार्गही बंद. आमची पुण्यातली संस्था म्हणजे दीड खोली, एक कपाट आणि फोन सांभाळणाऱ्या काकू. रात्री एका उत्साही कार्यकर्त्यानं व्हॉट्सॲपवर टाकलं: ‘कोल्हापूरच्या पूरग्रस्तांसाठी कपडे, चादरी, बिस्किटं हवीत.’ खाली काकूंचा नंबर.

तारीख टाकायची राहिली.

तिसऱ्या दिवशी जिन्यातही गाठोडी होती. त्यात एक शेरवानी निघाली, उंच टाचांचे सँडल निघाले, आणि दोन्ही एकाच पायाचे! आठ माणसं नुसती निवडत बसली. तोवर गावांतून निरोप येऊ लागले की कपडे पुरे. घरात गुडघाभर गाळ आहे, खराटे, फिनेल, क्लोरीनच्या गोळ्या धाडा. ते मागणारा मेसेज आम्ही लगेच सोडला, पण तो कुठवर गेला देव जाणे. पहिलाच फिरत राहिला. दिवाळीत नागपूरहून फोन आला, “पुरात अडकलात ना? साड्या पाठवू?” काकू म्हणाल्या, “आता फराळाचंच पाठवा.”

जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा तोच मेसेज पुन्हा उगवला. कुणीतरी कोल्हापूर खोडून चिपळूण केलं होतं. नंबर काकूंचाच.

तेव्हापासून आम्ही मेसेजमध्ये यादी देत नाही, फक्त लिंक देतो. यादी आमच्या पानावर असते: आज काय हवं, काय नको, कधीपर्यंत. गरज संपली की पान बदलायचं, म्हणजे जुना मेसेज फिरत राहिला तरी वाचणाऱ्याला आजचंच दिसतं. इतकी साधी गोष्ट सुचायला आम्हाला दोन पूर लागले.

पैशांची गंमत वेगळी. क्यूआर कोड लावला आणि १०१, ५०१ रुपये टपटप येऊ लागले. आम्ही खूश, खजिनदार हवालदिल. २०२१-२२पासून देणगीवरच्या ८०जी करसवलतीसाठी देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅनसारखा ओळख क्रमांक दहा-बीडी फॉर्ममध्ये भरून ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे द्यावा लागू लागला. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. आणि आमच्याकडे काय, तर नुसते यूपीआयचे आयडी. मग मे महिन्यात एकेकाला शोधून फोन करायचे: “काका, पॅन नंबर सांगता का?” सायबर फसवणुकीच्या दिवसांत हे वाक्य उच्चारायला छाती लागते.

एक निवृत्त बँकवाले आजोबा खवळले. “मलाच फसवतोस?” दुसऱ्या दिवशी काठी टेकत थेट कार्यालयात. नोंदणीचा कागद पाहिला, पावतीपुस्तक चाळलं, काकूंच्या हातचा चहा घेतला, आणि खिशातून ५०० रुपयांची नोट काढून म्हणाले, “यंत्रावर नको, हाताने लिहून दे पावती.”

पॅन मात्र शेवटपर्यंत दिला नाही.