अण्णांनी शिकवलेली सही

दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली, तर तळाशी एक पत्र्याची चपटी डबी सापडली. उघडून पाहिलं, तर आत शाईचं पॅड. सुकून खडखडीत झालेलं. सून म्हणाली, "आई, हे टाकायचं ना?" मी म्हटलं, "थांब गं. अण्णांचं आहे ते."

माझे वडील पोस्टमन होते. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्यांचं. १९९४ साली निवृत्त होईपर्यंत अण्णांनी त्या वाड्या पायी तुडवल्या. पावसाळ्यात पऱ्याला पाणी आलं की साकवावरून जायचं. साकवच वाहून गेला, तर लांबच्या वाटेनं. टपाल मेणकापडात घट्ट बांधलेलं असायचं. स्वतः मात्र चिंब भिजून घरी यायचे.

आमच्याकडे घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईला, गिरणीत. लालबाग-परळच्या एका खोलीत दहा-पंधराजणांत पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं नि गावी मनीऑर्डर करायची. चाकरमानी घरी दिसायचा तो गणपतीला नाहीतर शिमग्याला. एरवी त्याची खुशाली म्हणजे ती मनीऑर्डर आणि खालच्या कुपनावरचे चार शब्द.

मनीऑर्डर ज्याच्या नावाची, त्याची सही घ्यायची, हा नियम. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. आमच्या वाड्यांतल्या बहुतेक बायका अंगठेबहाद्दर. मग साक्षीला यायचा दीर, नाहीतर शेजारचा कुणी लिहितावाचता बाप्या. पैसे बाईच्या हातावर पडायचे आणि "मागचं उसनं वळतं करतो" म्हणून तिथल्या तिथे काढूनही घेतले जायचे. तिनं बोलायचं काय?

अण्णा साक्षीदारांशी कधी भांडले नाहीत. त्यांनी आपला वेगळाच उपाय काढला. टपाल वाटून झालं की परतीच्या वाटेवर एखाद्या ओटीवर टेकायचे. परातीत चुलीतली राख पसरायला सांगायचे आणि त्यात बोटानं बाईला तिचं नाव गिरवायला लावायचे. "सगळी बाराखडी नको. तुझ्या नावातली अक्षरं तेवढी शीक." लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सासूबाईंना शेजारी बसवून घ्यायचे. दोन-तीन सासवाही त्या नादात सही शिकल्या! राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं १९८८ साली. अण्णांची ही राखेतली शाळा त्याच्या कितीतरी आधीची.

मग १९८२ साल उजाडलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि आमच्याकडच्या मनीऑर्डरी आटल्या. बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, "अण्णा, काय आलंय काय?" काही आलेलं नसायचं. तरीही अण्णा त्या दारांवरून जायचेच. आई एकदा वैतागून म्हणाली, "द्यायला काही नाही, तर एवढी पायपीट कशाला?" तर म्हणाले, "मी जाऊन 'नाही' म्हटलं की ती कामाला तरी लागते. गेलो नाही, तर दिवेलागणीपर्यंत वाट बघत बसते."

रात्री त्या बायकांची मुंबईला जाणारी पत्रं लिहायचे. आमच्या घरी तेव्हा वीज नव्हती, कंदील एकच, आणि माझं दहावीचं वर्ष. एका रात्री मी चिडून म्हटलं, "अण्णा, परीक्षा माझी आहे, गावाची नाही!" काही न बोलता त्यांनी कंदील माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून पत्रं लिहू लागले. तरी गणितात कमी मार्क पडले, तेव्हा मी मनातल्या मनात बोल लावला तो त्यांनाच. पुढे कितीतरी वर्षं.

२००३ साली अण्णा गेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायला मी तिला घेऊन गेले. "इथे सही करा," असं सांगताच आईनं मुकाट्यानं अंगठा पुढे केला. आईला लिहिता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ त्या क्षणी कळला.

घरी येऊन मी फणकाऱ्यानं म्हटलं, "साऱ्या गावाला शिकवलं, नि तुलाच कसं नाही?"

आई म्हणाली, "एकदा म्हणाले होते, बस म्हणून. मीच म्हटलं, मला कुठे मनीऑर्डर यायची आहे? तुम्ही आहात ना. पुन्हा काही ते बोलले नाहीत."

अण्णांनी पुन्हा म्हणायला हवं होतं. ते माझे वडील, म्हणून मी ही चूक झाकणार नाही.

वरच्या वाडीतली एक म्हातारी तेव्हा आईला भेटायला आली होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं, उठली, परात आणली, चुलीतली राख पसरली. आईचं बोट धरून म्हणाली, "तुझ्या घोवानं मला असंच शिकवलंन. लाजतेस काय!" ती रोज दुपारी यायची. पंधरा दिवसांत आईचं बोट वळलं, मग हातात पेन्सिल आली.

आपल्याकडे बाईची सही म्हणजे स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं. आईनं जन्मभर अण्णांचं नाव घेतलं ते उखाण्यात तेवढं. ते नाव ती साठीत लिहायला शिकली. पुढच्या खेपेला तिनं सही केली, तेव्हा चांगली पाच मिनिटं लागली. मागच्या रांगेतलं कुणी हूं की चूं केलं नाही. २०१५ साली जाईपर्यंत तिनं पुन्हा अंगठा उठवला नाही.

आता पैसे फोनवरून येतात. तारसेवा २०१३ सालीच बंद झाली. पण मैत्रिणींनो, आपल्या आईला, सासूबाईंना एवढं विचारा : सही येते का? पासबुक कुठे आहे, खातं कुणाच्या नावावर आहे? पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, हे ठाऊक आहे का? "मला काय करायचंय, हे आहेत ना," असं त्या म्हणतील. तिथेच थांबू नका. दुसऱ्यांदा विचारा.

डबी मी पुसून पुन्हा ट्रंकेत ठेवली. पॅडवर अण्णांच्या बोटाचा एक ठसा अजून दिसतो.